व्हीलचेअरवरून सिंगापूरचे खाणे : दारापासून ताटापर्यंत

सिंगापूरमध्ये बाहेर जेवणे ही चैन नाही, रोजची गोष्ट आहे. आणि बाहेर म्हणजे बहुतेक वेळा हॉकर सेंटरमध्ये. एका मोठ्या छपराखाली ओळीने छोटे गाळे, प्रत्येक गाळ्यात एखाद-दोन पदार्थांत हात बसलेले कुटुंब आणि मधोमध सर्वांसाठी मांडलेली सामाईक टेबले. अशी 110 हून अधिक सेंटरे या छोट्या बेटावर आहेत. डिसेंबर 2020 मध्ये युनेस्कोने सिंगापूरच्या हॉकर संस्कृतीची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. त्यामुळे व्हीलचेअरवरून फिरणाऱ्या प्रवाशाने इथे कुठे जेवावे, या प्रश्नाचे उत्तर लिफ्ट असलेल्या पाच-दहा महागड्या रेस्टॉरंटांची नावे सांगून पुरे होत नाही. बँकर आणि बांधकाम मजूर जिथे एकाच टेबलाला बसून जेवतात, तिथे त्या प्रवाशालाही नीट बसून जेवता येते का, हा खरा प्रश्न आहे. दारापर्यंत पोहोचण्याची सोय या शहराने फार चांगली केली आहे. टेबलापाशी आणि गाळ्याच्या खिडकीशी मात्र काम अर्धवट राहिले आहे.

हॉकर सेंटरे व्हीलचेअरचा विचार करून बांधली गेली नाहीत. साठच्या दशकात सिंगापूरच्या रस्त्यांवर हजारो फेरीवाले खाद्यपदार्थ विकत. पाण्याची सोय नसे, खरकटे गटारात जाई, रोगराईची भीती कायम असे. 1968 च्या सुमारास सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी सुरू केली आणि पुढच्या दशकात वाहते पाणी, सांडपाण्याची वाट व वीज असलेली सेंटरे बांधून त्यांना तिथे हलवायला घेतले. 1986 पर्यंत हे स्थलांतर पुरे झाले. हेतू स्वच्छतेचा आणि रस्ते मोकळे करण्याचा होता. पण परिणाम असा झाला, की फुटपाथच्या कडेला, गटारावरच्या फळीवर किंवा चिंचोळ्या गल्लीत मिळणारे खाणे सपाट, फरसबंद जमिनीवर आले. बँकॉकमध्ये किंवा हनोईत रस्त्यावरचे खाणे अजून फुटपाथवर, बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलांवर होते आणि व्हीलचेअरवरच्या माणसाला ते बऱ्याचदा लांबूनच पाहावे लागते. सिंगापूरमध्ये तेच खाणे चाकांच्या आवाक्यात आले. पुढची सगळी सुधारणा या सपाट जमिनीवर उभी आहे.

ती सुधारणा आपोआप झाली नाही. जगभरच्या अपंगांच्या संघटनांना एकत्र आणणाऱ्या डिसेबल्ड पीपल्स इंटरनॅशनल या संस्थेचे पहिले जागतिक अधिवेशन 1981 मध्ये सिंगापूरलाच भरले होते. तिचे पहिले अध्यक्ष रॉन चंद्रन-डडली हे सिंगापूरचे, आणि अंध. तरीही सहा वर्षांनी, 1987 मध्ये, शहराची एमआरटी म्हणजे मेट्रो सुरू झाली तेव्हा तिच्या स्थानकांत व्हीलचेअरसाठी लिफ्ट नव्हत्या. ज्या शहरात अपंगांच्या हक्कांची जागतिक चळवळ आकाराला आली, त्याच शहरातल्या अपंगांना नव्या मेट्रोत पाऊल ठेवता येऊ नये, ही दुखरी गोष्ट होती. 1990 मध्ये नव्या इमारतींसाठी सुगम्यतेची संहिता लागू झाली आणि पुढे ती अनेकदा सुधारली गेली. मेट्रोच्या जुन्या स्थानकांना मागाहून लिफ्ट बसवल्या गेल्या. 2006 पर्यंत प्रत्येक स्थानकात पायऱ्या न लागणारी निदान एक वाट तयार झाली. 2020 च्या अखेरीस सार्वजनिक बसगाड्याही सगळ्या व्हीलचेअर घेणाऱ्या झाल्या. बसचा चालक, ज्याला तिथे 'बस कॅप्टन' म्हणतात, खाली उतरून मधल्या दाराशी उताराची फळी टाकतो. प्रवाशाने ठरलेल्या जागी पाठ टेकून खुर्ची लावायची आणि ब्रेक ओढायचा.

प्रवाशाने एक मात्र ध्यानात ठेवायला हवे. स्थानकाला पाच-सहा दारे असली, तरी लिफ्ट त्यांतल्या एका-दोन ठिकाणीच निघते. खाण्याच्या जागेसाठी सांगितलेले 'जवळचे दार' आणि लिफ्टचे दार रस्त्याच्या दोन वेगळ्या बाजूंना असू शकते. मग पुढच्या सिग्नलपर्यंत वळसा घ्यावा लागतो. जुन्या भागांत रस्ता ओलांडायला नुसता पादचारी पूल असेल, तर तो वळसा आणखी लांबतो. तेव्हा नकाशावर आधी लिफ्ट शोधावी आणि तिथून सेंटरचे अंतर मोजावे.

सेंटरांचे ढोबळ दोन प्रकार पडतात, जमिनीलगतची आणि वरच्या मजल्यावरची. चायनाटाउनजवळचे मॅक्सवेल फूड सेंटर पहिल्या प्रकारातले. ते एकमजली आहे, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये शेजारीच मॅक्सवेल मेट्रो स्थानक सुरू झाल्यापासून तिथे पोहोचणे अगदी सोपे झाले आहे. लिटल इंडियातल्या टेक्का सेंटरमध्ये मंडई आणि खाण्याचे गाळे तळमजल्यावर आहेत, कपड्यांची दुकाने वर. मंडईच्या बाजूची फरशी सकाळी मासळी आणि भाजी धुतल्यामुळे ओली असते. हाताने रेटायच्या खुर्चीची चाके तिथे घसरतात आणि तळवेही भिजतात. म्हणून शक्य तर खाण्याच्या गाळ्यांच्या बाजूनेच आत शिरावे.

दुसऱ्या प्रकारात चायनाटाउन कॉम्प्लेक्स येते. दोनशेहून जास्त गाळ्यांचे हे शहरातले सर्वांत मोठे हॉकर सेंटर. तिओंग बारूचे गाळेही मंडईच्या वरच आहेत. तिथल्या पाट्यांवर दुसरा मजला असे लिहिलेले असते तो आपल्या हिशेबाने पहिला. दोन्हीकडे लिफ्ट आहे. पण दुपारच्या गर्दीत तिच्यापुढे बाजाराच्या ढकलगाड्या आणि म्हातारी माणसे आधीच ताटकळत असतात. चायनाटाउन कॉम्प्लेक्समध्ये गाळ्यांच्या रांगा इतक्या एकसारख्या आहेत, की डोळसपणे चालणारा माणूसही वाट चुकतो. व्हीलचेअरवर असताना एका अरुंद बोळाच्या टोकापर्यंत जाऊन मागे फिरणे सोपे नसते, कारण साधी खुर्ची जागच्या जागी वळवायला सुमारे दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते आणि गर्दीच्या वेळी ती मिळत नाही. अशा ठिकाणी हवा तो गाळा क्रमांकासह आधी ठरवून जाणे बरे.

आता टेबलाकडे. हॉकर सेंटरचे ठरावीक टेबल असे असते : मधोमध जमिनीत पक्का रोवलेला लोखंडी खांब, त्यावर गोल किंवा चौकोनी फळी, आणि त्याच खांबातून बाहेर निघालेल्या दांड्यांवर जखडलेली चार-सहा स्टुले. स्टूल चोरीला जात नाही, हलत नाही आणि खालची फरशी पाणी मारून धुता येते. या सगळ्यासाठी ही रचना उत्तम आहे. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी तिच्याइतकी वाईट रचना सापडणे कठीण. स्टूल बाजूला सरकवता येत नाही, म्हणून खुर्ची टेबलाखाली जात नाही. दोन स्टुलांच्या फटीत ती तिरपी घुसवावी तर पाय ठेवायच्या पट्ट्या दांड्यांवर आपटतात. शेवटी माणूस वाटेच्या कडेला आडवा बसतो, कंबरेतून वळतो आणि हातभर लांबच्या वाडग्यातले नूडल्स चॉपस्टिक्सने उचलून छातीवरून तोंडापर्यंत नेतो. रस्सा मांडीवर गळत राहतो आणि मागून ट्रे घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाला 'जरा सरका' म्हणावे लागते. ज्यांच्या पाठीच्या स्नायूंत बळ नाही, त्यांना असे वळून फार वेळ बसताही येत नाही. दारात सुंदर उतार बांधून आत असे टेबल ठेवणे म्हणजे माणसाला पाहुणा म्हणून बोलावायचे आणि पंगतीत पान मांडायचे नाही.

नव्या आणि नूतनीकरण झालेल्या सेंटरांत यावर उपाय केलेला दिसतो. काही टेबलांची एक बाजू स्टुलाविना मोकळी सोडलेली असते आणि तिच्यावर व्हीलचेअरचे चिन्ह असते. मात्र अशी टेबले मोजकीच असतात, आणि बहुधा वाटेच्या कडेला, म्हणजे इतरांनाही सोयीच्या जागी. त्यात सिंगापूरची जागा अडवण्याची रीत आहे. टेबलावर टिश्यू पेपरचे पाकीट किंवा छत्री ठेवली की ती जागा धरली गेली असे सगळे मानतात. दुपारी बारा ते दीडच्या दरम्यान, कचेऱ्या सुटल्या की, चिन्ह असलेल्या टेबलावरही अशी पाकिटे पडलेली असतात. विनंती केली तर लोक बहुतेक वेळा उठतात. पण प्रत्येक जेवणाआधी अनोळखी माणसांना उठवायचे, हा ताण बरेच जण टाळतात आणि उपाशी पुढे जातात. यावर साधा उपाय वेळेचा आहे. सकाळी अकराच्या आधी किंवा दुपारी अडीचनंतर जावे. मात्र नावाजलेल्या गाळ्यांचा माल दुपारीच संपतो आणि काही गाळे आठवड्यातून एक-दोन दिवस बंदही असतात.

याउलट उदाहरण आहे लाउ पा सात. अष्टकोनी आकाराचा हा ओतीव लोखंडाचा जुना बाजार 1894 चा. 1973 मध्ये तो राष्ट्रीय स्मारक ठरला. संध्याकाळी सातच्या सुमारास त्याच्या कडेचा बून टॅट स्ट्रीट वाहनांना बंद होतो आणि सातेवाले थेट डांबरी रस्त्यावर टेबले मांडतात. खुर्च्या प्लास्टिकच्या आणि सुट्या. एक उचलून बाजूला केली की व्हीलचेअरची जागा तयार. साते हा काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाचा पदार्थ असल्याने तो एका हातानेही खाता येतो, आणि विक्रेते मागणी टेबलाशी येऊन घेतात, पदार्थही तिथेच आणून देतात. व्हीलचेअरवरच्या प्रवाशाला अख्ख्या शहरात सर्वांत कमी खटपटीचे जेवण मिळते ते या रस्त्यावर. मात्र धूर दमेकऱ्यांना सोसणारा नाही, आणि पाऊस आला की रस्त्यावरचा सगळा मांडव आवरावा लागतो.

इतर सेंटरांत बहुतांश गाळ्यांवर 'सेल्फ सर्व्हिस' अशी पाटी असते. त्याचा अर्थ ग्राहकाने रांगेत उभे राहायचे, पैसे द्यायचे आणि ट्रे स्वतः उचलायचा. गाळ्याचा ओटा उभ्या माणसाच्या हिशेबाचा असतो आणि त्यावर काचेची पेटी असते. बसलेल्या माणसाची नजर त्या पेटीच्या मध्यावर येते. आत वाफेत आणि पंख्याच्या घरघरीत उभ्या असलेल्या गाळेवाल्याला खालून आलेला आवाज ऐकू जात नाही. पदार्थांचे फोटो वर लावलेले असल्याने बोट दाखवून मागणी करता येते, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

त्याहून मोठा धोका ट्रेचा आहे. दोन्ही हात चाकांवर असलेल्या माणसाला ट्रे ठेवायला मांडीशिवाय जागा नसते. मज्जारज्जूला इजा झालेल्यांच्या पायांत बऱ्याचदा संवेदना नसते. उकळता रस्सा मांडीवर सांडला तरी त्यांना कळत नाही, आणि कळेपर्यंत कातडी सोलवटलेली असते. अशी जखम भरायला आठवडेच्या आठवडे लागतात आणि तोवर खुर्चीत बसणेही बंद होते. सिंगापूरचे लाडके पदार्थ, लाक्सा हे नूडल्स, माशांचे सूप, बाक कुट ते हे डुकराच्या बरगड्यांचे सूप, हे सगळे रस्साळ आणि कढत. लाक्सात नारळाचे दूध आणि तेल असल्याने तो लवकर निवतही नाही. म्हणून असे पदार्थ मांडीवरून नेऊच नयेत. गाळेवाल्याला 'अंकल' किंवा 'आंटी' अशी हाक मारून टेबलापाशी आणून देण्याची विनंती करावी. गर्दी नसेल तर ती सहसा मानली जाते. नाहीतर झाकणाच्या डब्यात पार्सल बांधून घ्यावे, पिशवी खुर्चीच्या मुठीला अडकवावी आणि टेबलाशी जाऊन डबा उघडावा. चहा-कॉफीच्या गाळ्यांवरची माणसे बऱ्याच ठिकाणी टेबलांमधून फिरून मागणी घेतात, तेव्हा पेयांची अडचण कमी येते.

जेवण झाल्यावर ट्रे आणि खरकटे ठरलेल्या मांडणीवर नेऊन ठेवणे सप्टेंबर 2021 पासून बंधनकारक आहे. न ठेवल्यास आधी ताकीद आणि पुन्हा तेच केल्यास दंड. ज्यांना शरीरामुळे हे जमत नाही त्यांच्या बाबतीत अधिकारी सबुरीने घेतात, असे नियम लागू करतानाच जाहीर करण्यात आले होते. तेव्हा एकट्या अपंग प्रवाशाने या नियमाच्या धास्तीने हॉकर सेंटर टाळायचे कारण नाही.

गाळ्याच्या पलीकडची बाजूही पाहायला हवी. 2010 मध्ये सुरू झालेले डिग्निटी किचन हे अपंगांना हॉकरचे काम शिकवणारे केंद्र आहे आणि तिथे जेवायलाही जाता येते. मूकबधिर विक्रेत्याकडे मागणी कशी करायची त्याच्या खुणा चित्रांनी दाखवलेल्या असतात. व्हीलचेअरवरून गाळा चालवायचा तर ओटा खाली असावा लागतो. सरकारी सेंटरांच्या आखणीत ओट्याची उंची हा विषय अजून दुय्यम राहिला आहे, म्हणून अशा प्रयोगाला महत्त्व आहे. ज्या ओट्यामागे व्हीलचेअरवरचा माणूस काम करू शकतो, त्या ओट्यापुढे व्हीलचेअरवरचा ग्राहकही अडत नाही.

आखणी आधीपासून नीट केली तर काय होते ते शहराच्या उत्तरेला, अ‍ॅडमिरल्टी मेट्रो स्थानकाला लागून असलेल्या काम्पुंग अ‍ॅडमिरल्टीत दिसते. एकाच इमारतीत ज्येष्ठांची घरे, दवाखाने, मुलांची सांभाळकेंद्रे आणि हॉकर सेंटर. वोहा या वास्तुरचनाकार संस्थेने ती आखली आणि 2018 मध्ये जागतिक वास्तुरचना महोत्सवात ती वर्षातली सर्वोत्तम इमारत ठरली. इथे काठी, वॉकर आणि व्हीलचेअर घेतलेली माणसे हा नेहमीचा ग्राहकवर्गच आहे. पर्यटक एवढ्या लांब सहसा जात नाहीत. पण सोय हाच निकष असेल तर मेट्रोचा तो लांबचा प्रवास वाया जात नाही.

हॉकर सेंटरच्या खालोखाल कोपीतियाम, म्हणजे वसाहतींच्या तळमजल्यावरची कॉफीची दुकाने. सिंगापूरचे बहुसंख्य लोक सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि जवळपास प्रत्येक वसाहतीत असे एखादे दुकान असते. आत पाच-सहा गाळे आणि सुट्या प्लास्टिकच्या खुर्च्या. म्हणजे स्टुलाचा प्रश्न इथे नाही. अडचण काठावर येते. पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून दुकानाची जमीन हातभर उंच असते आणि समोरून गटार जाते. नव्या वसाहतींत उतार असतोच. जुन्या ठिकाणी तो एखाद्या कोपऱ्यात असतो आणि त्याच्यापुढे बाटल्यांचे क्रेट रचलेले असू शकतात. चहूबाजूंनी एक फेरी मारून पाहावी.

सगळ्यांत अवघड जागा म्हणजे जुन्या शॉपहाउसमधली, म्हणजे खाली दुकान आणि वर घर अशा इमारतींमधली, उपाहारगृहे, आणि मराठी प्रवाशांना नेमकी हीच आधी लागतात. शाकाहारी थाळी, डोसा, उत्तर भारतीय जेवण यांसाठी सहलींचे गट लिटल इंडियात सेरंगून रोडवर नाहीतर रेसकोर्स रोडवर येतात, आणि त्यांत गुडघ्यांनी थकलेले आजी-आजोबा हटकून असतात. शॉपहाउसच्या पुढ्यात पाच फुटी पडवी असते. ब्रिटिश अधिकारी स्टॅम्फर्ड रॅफल्सच्या 1822 च्या नगररचनेच्या सूचनांपासून ऊनपाऊस चुकवण्यासाठी ती चालत आली आहे. पायी चालणाऱ्याला ती वरदान वाटते. पण प्रत्येक घरमालकाने आपापल्या पडवीची उंची आपल्या मर्जीने ठेवली, त्यामुळे दर घराला पायरी चढते नाहीतर उतरते. त्यात फुलांच्या माळांचे स्टॉल आणि भाजीच्या पाट्या. व्हीलचेअर मग रस्त्यावरून न्यावी लागते. लिटल इंडिया, चायनाटाउन आणि काम्पुंग ग्लाम हे भाग 1989 पासून जतनक्षेत्र आहेत, त्यामुळे दर्शनी भागात मोडतोड करून उतार बांधणे मालकाच्या एकट्याच्या हातात नसते. आतला जिनाही अरुंद, आणि मोठ्या गटाला बऱ्याचदा वरच्या मजल्यावर बसवतात. सहलीच्या संयोजकाला निघण्यापूर्वीच 'तळमजल्यावर टेबल हवे, दारात किती पायऱ्या आहेत आणि सुटा रॅम्प आहे का' हे विचारायला सांगावे. 'व्हीलचेअर येईल का' असे मोघम विचारले तर उत्तर बहुधा 'हो हो, या' असेच येते, आणि त्याचा अर्थ चार जण खुर्ची उचलतील असा असू शकतो. साठ-सत्तर किलोचा माणूस खुर्चीसकट उचलणे धोक्याचे असते. विजेवर चालणारी जड खुर्ची तर उचलताच येत नाही. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात सुट्टीवरच्या परदेशी कामगारांची एवढी गर्दी लोटते, की ती वेळ टाळलेलीच बरी. याच भागात टेक्का सेंटर तळमजल्यावर आहे. डोसा, पराठा, बिर्याणी तिथेही मिळते. काम्पुंग ग्लाममध्ये बुसोरा स्ट्रीट पादचाऱ्यांसाठी राखलेला आहे आणि उपाहारगृहे टेबले बाहेर मांडतात. आत जायची गरजच पडत नाही, हा तिथला फायदा.

उरले मॉलमधले फूड कोर्ट. चवीच्या जाणकारांना ते हॉकर सेंटरपुढे फिके वाटतात आणि दरही चढे असतात. पण रुंद वाटा, सुट्या खुर्च्या, लिफ्ट आणि सुगम स्वच्छतागृह हे चारही एका छताखाली हमखास मिळण्याची ही जागा. ऑर्चर्ड रोडचे बरेच मॉल मेट्रो स्थानकाला भुयारी वाटेने जोडलेले आहेत. हॉकर सेंटरांतही सुगम स्वच्छतागृह असते, पण जुन्या ठिकाणी त्याची फरशी ओली आणि आतली जागा अपुरी असू शकते. म्हणून जेवण सेंटरमध्ये आणि पुढचा थांबा जवळच्या मॉलमध्ये, अशी जोडी बरेच अनुभवी प्रवासी ठरवून ठेवतात.

मॉलचे आणखी एक महत्त्व हवेमुळे आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर आहे. दुपारचा पारा वर्षभर 31-32 अंशांच्या आसपास असतो आणि दमटपणा सतत. मानेजवळ किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे शरीराचे तापमान बघता बघता चढते. पंख्याखालच्या उघड्या सेंटरमध्ये भर दुपारी तासभर बसणे त्यांच्यासाठी नुसते त्रासाचे नाही, घातक ठरू शकते. त्यांनी सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण हॉकर सेंटरमध्ये घ्यावे, दुपार वातानुकूलित जागेत काढावी आणि पाण्याचा फवारा सोबत ठेवावा. दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो तेव्हा मेट्रो स्थानकांपासून वसाहतींपर्यंत बांधलेल्या छपरी वाटा उपयोगी पडतात. त्या छपरांखालून कोरडे राहून पोहोचता येईल अशी कितीतरी सेंटरे आणि कोपीतियाम शहरभर आहेत, आणि पर्यटकांच्या यादीतल्या नावांपेक्षा तिथे गर्दीही कमी असते.